तळघराचा कुबट वास

जुन्या वाड्याचे तळघर, धान्याचे बळद, जोत्याला लागून असलेली अंधारी खोली किंवा चाळीतली तळमजल्याची मागची खोली, या सर्व ठिकाणी येणारा कुबट वास मुख्यतः बुरशीचा आणि तिच्या जोडीने वाढणाऱ्या मातीतल्या जिवाणूंचा असतो. वाढताना हे जीव हवेत उडून जाणारी अनेक रसायने सोडतात. ‘१-ऑक्टेन-३-ऑल’ या रसायनामुळे ओल्या अळंबीसारखा वास येतो. ‘जिओस्मिन’ हे स्ट्रेप्टोमायसिस प्रजातीतील जिवाणू तयार करतात. १९६५ साली नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशेव्हालिए यांनी ते वेगळे काढले आणि त्याला हे नाव दिले. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मातीच्या सुगंधात याच जिओस्मिनचा वाटा असतो. पाण्यात त्याचे प्रमाण एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग इतके असले, तरी माणसाच्या नाकाला ते जाणवते. म्हणून तळघरात डोळ्यांना काहीही दिसत नसताना वास मात्र येतो, आणि बहुतेक वेळा नाकाचे म्हणणे खरे असते. भिंतीला लावलेल्या कपाटामागे, फरशीखाली किंवा गिलाव्याच्या पोटात बुरशी वाढत असते.

नाकाचीही एक मर्यादा आहे. सतत येणाऱ्या वासाला ते काही मिनिटांतच सरावते. त्या घरात राहणाऱ्यांना वास येईनासा होतो आणि पाहुण्यांना दारातच येतो. घरातल्या माणसांनी दोन-चार दिवस बाहेरगावी राहून परतल्यावर पहिल्या श्वासात जो वास येतो, तोच घराचा खरा वास समजावा.

बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतातच. त्यांना लागणारे खाद्य म्हणजे कागद, सुतळी, गोणपाट, लाकूड, रंगातली खळ आणि नुसती धूळ, आणि तेही सगळीकडे असते. तापमान आपल्याकडे बाराही महिने त्यांना मानवते. उरते ते पाणी. भिंतीच्या पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास बराच काळ राहिली, की बहुतेक बुरशा वाढू लागतात. काही जातींना त्याहून कमी ओल पुरते. याचा अर्थ भिंतीवरून पाणी ओघळण्याची गरज नसते. वास घालवायचा तर पाणी शोधावे लागते. धूप, कापूर, उदबत्ती किंवा सुगंधी फवारे यांनी वास फक्त झाकला जातो.

जुन्या घरांत पाणी तीन वाटांनी येते. पहिली वाट खालून वर. आजच्या बांधकामात जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर घालतात; जुन्या घरांत तो नसतो. वीट, पांढरी माती, चुन्याचे सांधे, कोकणातला जांभा हे सर्व सच्छिद्र पदार्थ आहेत. दिव्याची वात जसे तेल ओढते, तसे ते जमिनीतले पाणी वर ओढतात. साधारण एक मीटर उंचीपर्यंत, कधी त्याहूनही वर, ओलीची रेघ दिसते. पुण्याच्या जुन्या वाड्यांचा खालचा भाग काळ्या दगडात असतो. तो दगड स्वतः फारसे पाणी शोषत नाही, पण दगडांमधले सांधे आणि भिंतीच्या पोटातली माती-चुन्याची भर पाणी चढवतात.

दुसरी वाट बाजूने. जमिनीखालच्या भिंतीला बाहेरून ओली माती टेकलेली असते. त्यात वळचणीचे पाणी तिथेच पडत असेल, मोरीचे गटार फुटलेले असेल किंवा नळाचा जोड गळत असेल, तर ती माती पावसाळ्याबाहेरही ओलीच राहते. पुण्याच्या पेठांमध्ये आणखी एक शक्यता तपासावी लागते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्यावर शहरातले हौद भरत, आणि अनेक वाड्यांत स्वतःचे आड आणि हौद होते. ते बुजवून वर फरशी घातली असली, तरी पाणी साठायची जुनी जागा तळघराच्या भिंतीपलीकडे असू शकते.

तिसरी वाट हवेची. हिच्याकडेच सर्वात जास्त दुर्लक्ष होते. पावसाळ्यातली ३० अंश सेल्सिअसची, ऐंशी टक्के आर्द्रतेची हवा घेतली, तर तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. तळघराची भिंत मातीच्या सहवासामुळे त्याहून थंड असते. भिंत २७ अंशांवर असेल, तर तीच हवा तिच्याजवळ येताच तिची आर्द्रता सुमारे ९५ टक्के होते. भिंत २६ अंशांपर्यंत उतरली, की दव पडू लागते. म्हणजे ‘कोंदट झाले आहे, दारे-खिडक्या उघडा’ हा जो सल्ला वरच्या मजल्याला योग्य आहे, तोच जुलै महिन्यात तळघराला घातक ठरतो. आत शिरणारी प्रत्येक घनमीटर हवा आपल्याबरोबर पाणी आणते आणि थंड भिंतीवर ठेवून जाते.

पाणी भिंतीतून येते की हवेतून, हे ओळखण्यासाठी एक साधी चाचणी पुरते. जाड प्लास्टिकचा हातभर लांबी-रुंदीचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावा, दुसरा तसाच जमिनीवर लावावा आणि दोन दिवस तसेच ठेवावे. ओल प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला साचली, तर पाणी भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला साचली, तर ते हवेतले आहे. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या, तर दोन्ही कारणे आहेत, आणि जुन्या घरांत हेच वारंवार आढळते. जोडीला एक साधा आर्द्रतामापक खोलीत ठेवून सकाळ-संध्याकाळची नोंद केली, तर महिनाभरात चित्र बरेच स्पष्ट होते. ओलीचा आकारही बोलका असतो. जमिनीपासून सारख्या उंचीची आडवी पट्टी खालून चढणारे पाणी दाखवते. एकाच जागचा डाग, जो पावसानंतर पसरतो, तो बाजूने येणारे पाणी किंवा फुटका नळ दाखवतो. कोपऱ्यांत आणि कपाटांमागे विखुरलेले काळे-हिरवे ठिपके बहुधा हवेतल्या ओलीचे असतात.

नळ गळतो का, हे पाहण्यासाठी रात्री घरातले सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि पहाटे पुन्हा पाहावा. खर्च काहीच नाही, आणि यामुळे कित्येकदा मोठी तोडफोड टळते.

दुरुस्ती घराबाहेरून सुरू करावी. कोकणात आणि गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर त्याचे तीन लाख लिटर पाणी होते. पन्हळ नसेल किंवा फुटलेली असेल, तर हे सगळे पाणी पागोळ्यांनी जोत्याच्या पायथ्याशीच पडते. पुण्यात पाऊस त्याच्या चौथाईइतका, तरी तेवढ्याच छपरावर सत्तर हजार लिटर पाणी जमते. पन्हळ दुरुस्त करणे, तिचे पाणी भिंतीपासून दोन-तीन मीटर लांब सोडणे आणि अंगणाचा उतार घराकडून बाहेर राखणे, एवढ्या कामाने अनेक तळघरे निम्मी कोरडी होतात. जुन्या घरांत अंगणाची पातळी दर काही वर्षांनी भर टाकून वाढत गेलेली असते. रस्ता दर डांबरीकरणात वर येतो आणि जोते त्यात गडप होते. अशा वेळी भिंतीलगतची भर काढून जोते पुन्हा उघडे करणे हा सर्वात परिणामकारक उपाय असतो. कोकणातले जुने लोक पावसाळ्याआधी जांभ्याच्या उघड्या भिंतींना झावळ्यांची झापे बांधत, त्यामागे पाणी भिंतीपर्यंत पोचूच न देण्याचे हेच शहाणपण होते.

जमीन सपाट असेल आणि पाण्याला जायला उतारच नसेल, तर भिंतीला समांतर चर खणून तळाशी छिद्रांची नळी टाकतात आणि वर खडी भरतात. पाणी भिंतीपर्यंत पोचण्याआधी चरातून वाहून जाते. इंग्रजीत या चराला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. ते नाव देशावरून पडलेले नाही. मॅसॅच्युसेट्समधले हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ च्या आपल्या शेतनिचऱ्यावरील पुस्तकात या पद्धतीचा प्रसार केला. हा चर पायाच्या तळापेक्षा खोल खणू नये. जुन्या घराचा पाया उथळ आणि मातीत बांधलेला असतो. त्याच्या बाजूची माती काढली, तर भिंतच खचू शकते. वाड्यांच्या बाबतीत हे काम जाणत्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय करूच नये.

मग भिंतीकडे वळावे, आणि इथेच गेल्या काही दशकांत सर्वाधिक नुकसान झाले आहे. जुनी भिंत ओली होत असे हे खरे, पण ती श्वास घेत असे. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी यांतून पाणी वाफ होऊन बाहेर पडे. शेणाने सारवलेल्या जमिनीतून किंवा शहाबादी फरशीच्या सांध्यांतूनही ते निघून जाई. ओल दिसली की सिमेंटचा गिलावा करायचा, त्यावर तैलरंग द्यायचा आणि जमिनीवर चकचकीत टाइल्स बसवायच्या, ही आजची सर्वमान्य ‘दुरुस्ती’ भिंतीचे आणि जमिनीचे दार बंद करते. आतले पाणी मग वाट शोधत वर चढते. पूर्वी एक मीटरवर थांबणारी ओल दीड मीटरवर दिसू लागते. गिलावा पोकळ वाजतो, पोपडे सुटतात आणि त्यामागच्या अंधाऱ्या फटीत बुरशीला हवी तशी जागा मिळते. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण असल्यामुळे जुन्या विटेचे तोंडही त्याबरोबर निघून येते. जुन्या घराला सिमेंट लावू नये, हा नियम गवंड्याच्या सोयीपुढे वाकवला जातो, हे फार दुःखाचे आहे.

योग्य पद्धत अशी. ओलीच्या रेघेच्या वर हातभर उंचीपर्यंत जुना सिमेंटचा गिलावा काढून टाकावा. भिंत उघडीच ठेवून एक पूर्ण कोरडा हंगाम जाऊ द्यावा. त्या काळात भिंतीवर पांढरी भुकटी फुटते, तिला लोणा म्हणतात. जमिनीतून पाण्याबरोबर चढलेले नायट्रेट, क्लोराइड, सल्फेट यांचे ते क्षार असतात. ती कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून घराबाहेर टाकावी. पाण्याने धुतली, तर ती विरघळून पुन्हा भिंतीत शिरते. या क्षारांचा एक गुण फार त्रासदायक आहे. यातले काही क्षार हवेतली ओल स्वतः शोषतात. खालून येणारे पाणी पूर्ण बंद केले, तरी अशी भिंत दर पावसाळ्यात ओली दिसते आणि दुरुस्ती फसली असे वाटते. समुद्राची वाळू वापरून बांधलेल्या किनाऱ्यावरच्या घरांत हे हमखास होते. तिथे चुन्याचा पहिला गिलावा क्षार शोषून घेण्यासाठीच द्यायचा, दोन-तीन वर्षांनी तो काढून टाकायचा आणि मग कायमचा करायचा, असा क्रम ठेवावा लागतो.

नव्या गिलाव्यासाठी चुनकळी भिजवून, चांगली मुरवून, नदीच्या किंवा दगडाच्या धुतलेल्या वाळूत मिसळावी. वरून चुन्याचीच सफेदी द्यावी. ताज्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो, आणि त्यावर बुरशी धरत नाही. हवेतल्या कर्बवायूशी संयोग होऊन तो हळूहळू सौम्य होतो, म्हणून सफेदी पुन्हापुन्हा द्यावी लागते. दसरा-दिवाळीच्या आधी, पावसाळ्याची ओल ओसरू लागताच घर झाडून सफेदी करण्याची रीत या दृष्टीने अचूक वेळ साधते. भिंतीला भोके पाडून त्यात पाणी अडवणारी सिलेन-सिलॉक्सेन रसायने भरण्याचा उपाय विटेच्या पातळ, एकसंध भिंतीत बरा चालतो. दोन-तीन फूट जाडीच्या, पोटात दगडमातीची भर असलेल्या वाड्याच्या भिंतीत रसायन सर्वत्र सारखे पसरत नाही, त्यामुळे निकालाची खात्री देता येत नाही. आतून लावायचे जलरोधक रंग तर बाहेरून दाब देणाऱ्या पाण्यापुढे फुगून सुटतातच.

हवेचे काम ऋतूप्रमाणे करावे लागते, आणि ते देशावर एक व कोकणात दुसरे असते. देशावर फेब्रुवारी ते मे हा सुकवण्याचा काळ. एप्रिलच्या दुपारची ३८ अंशांची, वीस टक्के आर्द्रतेची हवा २६ अंशांच्या तळघरात शिरली, तरी तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्याच आसपास राहते. अशी हवा भिंतीतले पाणी उचलून नेते. त्या दिवसांत तळघराचे झरोके, दारे आणि खालची झडप उघडी ठेवावी, एका बाजूला पंखा लावून हवा खेळती करावी. कोकणात मात्र मे महिना फसवा असतो. ३३ अंशांची आणि पासष्ट टक्क्यांची किनाऱ्यावरची हवा थंड भिंतीजवळ आली, की जवळपास पूर्ण संपृक्त होते. तिथला सुकवण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांतल्या दुपारच्या वाऱ्यावरच कोकणच्या आणि गोव्याच्या तळखोल्या सुकवाव्यात. जून ते सप्टेंबर या काळात दोन्हीकडे तळघर शक्यतो बंद ठेवावे.

बंद खोलीतली ओल काढायची तर यंत्र लागते. हवा थंड नळीवर नेऊन तिच्यातले पाणी गाळणारा ओलनिवारक, म्हणजेच डिह्युमिडिफायर, हे काम चोख करतो. आर्द्रता पन्नास ते साठ टक्क्यांच्या दरम्यान राखली, की बुरशीची वाढ थांबते. त्याचे पाणी नळीने थेट मोरीत सोडावे. रोज टाकी रिकामी करण्यावर भिस्त ठेवली, तर चार दिवसांनी टाकी भरून यंत्र बंद पडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. हे यंत्र दारे-खिडक्या उघड्या ठेवून चालवणे म्हणजे विजेची नासाडी.

कोळसा, मीठ, चुनकळी यांचे घरगुती उपाय कितपत चालतात, हे आकड्यांनी पाहिलेले बरे. चुनकळी आपल्या वजनाच्या सुमारे ३२ टक्के पाणी रासायनिक रीतीने बांधून घेते, म्हणजे एक किलो चुनकळी ३२० ग्रॅम. चाळीस घनमीटरच्या, म्हणजे साधारण १२ फूट बाय १२ फुटांच्या आणि दहा फूट उंच खोलीत एकदा पावसाळी हवा भरली, तर ती साठ टक्क्यांवर आणण्यासाठी सुमारे चारशे ग्रॅम पाणी काढावे लागते. म्हणजे खोलीतली हवा एकदा बदलली, की सव्वा किलो चुनकळी संपली. बंद पेटीत, ट्रंकेत, पुस्तकांच्या कपाटात हे उपाय उपयोगी आहेत. खोलीला ते पुरत नाहीत. चुनकळीवर पाणी पडल्यास ती उकळण्याइतकी तापते आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकते, म्हणून ती उघडी ठेवू नये, मुलांच्या हाताशी तर मुळीच नाही.

वस्तूंचा प्रश्न वेगळा. भिंत सुकली, तरी गोणपाट, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, कापसाच्या गाद्या आणि पुठ्ठ्याची खोकी यांत वास मुरलेला असतो. गाद्या आणि पुठ्ठे सोडून द्यावेत. त्यात खोल गेलेली बुरशी निघत नाही. गोधड्या धुऊन कडक उन्हात टाकाव्यात. पुस्तके आणि कागदपत्रे सावलीत, वाऱ्यावर उभी ठेवून, पाने पसरून सुकवावीत आणि मग मऊ ब्रशने घराबाहेर झटकावीत. लाकडात ओलीचे प्रमाण वीस टक्क्यांवर राहिले, की कूज धरण्याचा धोका सुरू होतो. तुळईचे भिंतीत गेलेले टोक खिळ्याने टोचून पाहावे. खिळा सहज शिरला, तर प्रश्न वासापलीकडे गेलेला असतो. सामान पुन्हा लावताना भिंतीपासून चार-सहा इंच आणि जमिनीपासून वीटभर उंचीवर ठेवावे.

भिंतीवर दिसणारी बुरशी आधी ओली करावी आणि मगच साबणाच्या पाण्याने घासावी. कोरडी घासली, तर बीजाणू घरभर पसरतात. एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि चष्मा वापरावा. ब्लीचने डाग पांढरे होतात, पण सच्छिद्र भिंतीच्या आतली बुरशी उरते. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, आणि तळघरासारख्या बंद जागेत तो प्राणघातक ठरू शकतो. डांबराच्या गोळ्याही पर्याय नव्हेत. त्यातला नाफ्थलीन, जी-६-पीडी या विकराची उणीव असलेल्या तान्ह्या मुलांच्या रक्तपेशी फोडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाचे विकार अधिक आढळतात, हा त्यातला निष्कर्ष आहे. घरात दमेकरी असेल, तर साफसफाईच्या वेळी त्याने घराबाहेर राहावे.

काही वास कुबट वाटले तरी कारण निराळे असते. कुजक्या अंड्यासारखा वास गटाराचा. न वापरलेल्या मोरीच्या जाळीखालचे पाणी सुकले, की गटारातले वायू वर येतात. तिथे बादलीभर पाणी ओतणे पुरते. जुन्या पेवात किंवा वर्षानुवर्षे बंद असलेल्या भुयारात प्राणवायू कमी असू शकतो. तिथे वासाचा शोध घेण्यासाठी कोणीही एकट्याने उतरू नये.

थंड देशांत हाच प्रश्न अधिक व्यापक आहे. उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत जमीन खोलवर गोठते, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो आणि घराला आपोआप तळघर मिळते. न्यू जर्सीसारख्या भागात जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांची उन्हाळ्यात कुबट वासाशी गाठ पडते, ती याच कारणाने. तिथला जुलै दमट आणि तळघर थंड, त्यामुळे खिडकी उघडण्याची आपली सवय तिथे जास्त महागात पडते. तळाच्या खड्ड्यात जमलेले पाणी बाहेर फेकणारा पंप आणि कायम चालणारा ओलनिवारक ही तिथली नेहमीची व्यवस्था आहे. थंडीत तापवलेल्या घरातली गरम हवा वर चढते आणि तळघरातली हवा वर ओढली जाते. म्हणून तिथे तळघराचा वास झोपायच्या खोलीपर्यंत पोचतो.

शेवटचा भाग वाट पाहण्याचा. पाण्याची वाट बंद केल्यावर ओली भिंत साधारण महिन्याला एक इंच या गतीने सुकते, असा बांधकामातला ठोकताळा आहे. दोन फूट जाडीच्या भिंतीला त्या हिशेबाने दोन वर्षे लागतात, आणि आपल्याकडे मध्ये येणारे पावसाळे धरले तर त्याहूनही जास्त. या काळात वास हळूहळू कमी होतो, पण पहिल्या जुलैत तो परत येऊ शकतो. आर्द्रतामापकाची मागच्या जुलैची नोंद काढून ताजी नोंद तिच्याशेजारी लिहावी. आकडा उतरलेला असेल, तर काम योग्य दिशेने चालू आहे. तो तसाच असेल, तर प्लास्टिकची चाचणी पुन्हा करून राहिलेली वाट शोधावी.